बारा तासांचं सिम्युलेटर आणि प्रोसिजर टर्नचा तो आकडा

पुण्यातल्या या विमानाच्या सिम्युलेटर केंद्रात मी जून आणि जुलै मिळून बारा तास बसले. तासाला ३,२०० रुपये, त्यात शिकवणाऱ्या सरांची फी धरलेली. एक गोष्ट आधीच सांगते. इथले तास लॉगबुकात धरता येत नाहीत. या यंत्राला डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी यंत्रणेची, मान्यता नाही आणि हे ते पहिल्याच फोनवर स्वतःहून सांगतात. नुसते तास भरायचे असतील तर इथे येऊ नका. पण इन्स्ट्रुमेंट अप्रोच (बाहेर काही न दिसता फक्त इन्स्ट्रुमेंट बघून धावपट्टीकडे उतरत येणं) डोक्यात पक्के बसवायचे असतील, त्यातही प्रोसिजर टर्न आणि त्यातल्या उंचीच्या मर्यादा, तर जरूर या. मी त्याच कामासाठी गेले होते आणि माझे पैसे वसूल झाले.

मी साताऱ्याची. कमर्शियल लायसन्स आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग फ्लोरिडात केलं, गेल्या वर्षी परत आले आणि आता इथलं कन्व्हर्जन, म्हणजे त्याचं भारतीय लायसन्स करून घेणं, चालू आहे. फ्लोरिडा म्हणजे तव्यासारखा सपाट प्रदेश. अख्ख्या राज्यातलं सगळ्यात उंच ठिकाण ३४५ फूट, म्हणजे आमच्या अजिंक्यताऱ्यापुढे मुलांनी दिवाळीत केलेला किल्लाच. तिथे प्लेटवर, म्हणजे अप्रोचच्या नकाशावर, प्रोसिजर टर्नसाठी लिहिलेली उंची मी पाळायचे, नाही असं नाही. पण तो आकडा नेमका कशामुळे आला हे कधी डोळ्यांपुढे उभं राहिलं नव्हतं. खाली कुठेतरी एखादा टॉवर असेल, नाहीतर ट्रॅफिक वेगळं ठेवायला दिला असेल, एवढंच डोक्यात होतं. भारतात परतल्यावर ते पुरणार नव्हतं.

ज्यांना विषय नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ढगात असताना विमान पुष्कळदा चुकीच्या बाजूने येतं, म्हणजे धावपट्टीकडे तोंड हवं तिथे पाठ असते. अशा वेळी बीकनवरून (जमिनीवरच्या रेडिओ केंद्रावरून) जायचं, ठरलेल्या रेषेवर बाहेर निघायचं, पुढे जाऊन वळायचं आणि त्याच रेषेवर परत यायचं, हेच प्रोसिजर टर्न. एसटीचा ड्रायव्हर स्टँडात गाडी पुढे नेऊन वळवून मग फलाटाला लावतो, तसंच. फरक इतकाच की इथे बाहेर पांढऱ्या ढगाशिवाय काही दिसत नाही आणि हे सगळं करताना खालीही उतरायचं असतं. कुठल्या क्षणापर्यंत किती उंची सोडायची नाही, याचे आकडे प्लेटवर असतात.

यंत्राबद्दल. हे हलणारं सिम्युलेटर नाही. खुर्ची जागची हलत नाही, समोर एक मोठा पडदा, त्याखाली जुन्या पद्धतीची सहा गोल इन्स्ट्रुमेंट, दोन व्हीओआर, एक एडीएफ (दोन्ही बीकनच्या मानाने आपण कुठे आहोत ते दाखवतात). पॅनेलवर एक जीपीएस आहे, पण त्याचा डेटाबेस जुना आहे आणि सर तो बहुतेक वेळा बंदच ठेवतात. ट्रिम (नाक हव्या त्या कोनात टिकवायचं चाक) फार हलकी आहे, बोट लागलं की नाक वर. खऱ्या सेसना १७२ ची सवय असलेल्याला पहिला तास त्यातच जातो. पडद्यावरचं चित्रही आजकालच्या मानाने साधंच. पण ढगात शिरल्यावर चित्राचं काय करायचं? कामाला येतं ते एकच बटण: पॉज.

सर हवाई दलातून निवृत्त झालेले, सत्तरीच्या आसपासचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला कुठल्याही खऱ्या विमानतळाची प्लेट दिली नाही. त्यांनी स्वतः काढलेली, लॅमिनेट केलेली सरावाची प्लेट दिली. वर मेणाच्या पेन्सिलीने लिहायचं आणि फडक्याने पुसायचं. बीकनवर कमीत कमी ४,००० फूट. ०९० वर (होकायंत्राचे अंश, म्हणजे पूर्वेकडे) दोन मिनिटं बाहेर. डावीकडे ४५ अंश वळून ०४५, वळायला सुरुवात केल्यापासून एक मिनिट. मग उजवीकडे १८० अंशांचं वळण घेऊन २२५ आणि तिथून २७० ची परतीची रेषा पकडायची. वळण संपून रेषेवर येईपर्यंत २,८०० च्या खाली जायचं नाही. रेषेवर आल्यावर २,१००. त्यांच्या हस्ताक्षरात उत्तरेच्या बाजूला एका टेकडीचा ठिपका होता आणि त्याशेजारी १,७९०.

पहिल्या अर्ध्या तासात मी दोन चुका केल्या. दोन्ही इथे लिहिते, कारण या केंद्राची किंमत त्यांतूनच कळते.

पहिली चूक बीकनवर पोचण्याआधीची. मी १३५ च्या हेडिंगने, म्हणजे नाक त्या दिशेला ठेवून, येत होते. बीकन ओलांडला आणि फ्लोरिडातल्या सवयीने सरळ ०९० ला वळून, थ्रॉटल कमी करून खाली निघाले. सरांनी पॉज दाबला.

“अगं, तुला या दाराने आत सोडलं कुणी?”

मग त्यांनी पेन्सिलीने बीकनवर पंखा काढला, ०६० पासून १२० पर्यंत. आपल्याकडे पाळतात त्या आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) पद्धतीत प्रोसिजर टर्नमध्ये शिरताना तुमचा मार्ग बाहेरच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ३० अंशांच्या आत हवा. मी ४५ अंशांवर होते, म्हणजे पंख्याच्या बाहेर. आधी होल्डिंगमध्ये, म्हणजे बीकनवरच्या ठरलेल्या घिरट्यांत, जायचं, तिथून सरळ होऊन यायचं. अमेरिकेत असं नाही. तिथल्या प्लेटवर बाणाने फक्त कुठल्या बाजूला वळायचं ते दाखवतात. वळण कुठे सुरू करायचं, ४५ चं घ्यायचं, ८० अंश एकीकडे आणि २६० उलट असं घ्यायचं की रेसट्रॅक (लांबट घिरटी) करायचा, हे बहुतेक ठिकाणी पायलटवर सोडलेलं असतं. बंधन असतं ते वेगाचं, २०० नॉटपेक्षा (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल) जास्त नाही, आणि अंतराचं, साधारण १० नॉटिकल मैलांच्या आत. बीकनपाशी वेगळी उंची लिहिलेली नसेल तर तो ओलांडला की कुठल्याही दिशेला तोंड असलं तरी उतरायला लागा, असंच मी शिकले होते आणि तिथे ते बरोबरही आहे, कारण तशा प्लेटवर आत शिरण्याच्या भागाची उंची आणि वळणाच्या भागाची उंची एकच धरलेली असते. इथे मात्र प्लेटवर जसं काढलंय तसंच उडायचं. कॅटेगरी ए आणि बी साठी, म्हणजे हळू उतरणाऱ्या विमानांसाठी, ४५ च्या पायावर एक मिनिट, सी आणि पुढच्यांना सव्वा मिनिट. वेगाची मर्यादाही फार खाली: कॅटेगरी ए ला अशा वळणात ११० नॉट, बी ला १४०. संरक्षित क्षेत्र त्याच वेगांवर आखलेलं असतं. तुम्ही जोरात गेलात तर वळण मोठं होतं आणि आखलेल्या जागेच्या बाहेर जाता. बाहेर कुणीही डोंगर मोजलेला नाही.

सरांनी हे बोलून सोडून दिलं नाही. पश्चिमेकडून २५ नॉटचा वारा लावला आणि मला तसंच दोन मिनिटं बाहेर जायला सांगितलं. वारा नसताना ९० नॉटने दोन मिनिटांत ३ मैल होतात, पाठीवर २५ नॉट आले की ३.८. नकाशावरची माझी रेघ आखलेल्या जागेच्या काठाला जाऊन टेकली. “घड्याळ बरोबर आहे, पण जागा चुकली,” म्हणाले. त्यानंतर प्रत्येक अप्रोचआधी वाऱ्यासाठी सेकंद कमी-जास्त करायची सवय लागली. आता बीकनवर बोट आपोआप घड्याळाकडे जातं आणि ओठांवर आधी वारा येतो.

दुसरी चूक खरी भीतीदायक होती. मी १८० अंशांच्या वळणात होते, व्हीओआरची नीडल हलायला लागली होती. माझ्या मनाने ‘झालं, इनबाउंड’, म्हणजे परतीच्या रेषेवर आलो, असं ठरवून टाकलं आणि मी पॉवर काढली. २,८०० वरून विमान खाली निघालं. २,६५० ला पॉज.

“आता कुठे आहेस?”

“इनबाउंड, सर.”

“नीडल काय म्हणते?”

नीडल चार ठिपक्यांवर होती. व्हीओआरच्या पट्टीवर एका बाजूला पाच ठिपके, एक ठिपका दोन अंशांचा. रेषेवर आलो असं म्हणायला नीडल निम्म्या पट्टीच्या आत हवी, म्हणजे अडीच ठिपक्यांच्या आत, पाच अंश. एनडीबीवरही (एडीएफ ज्या बीकनकडे बघतो तो) पाच अंशच. मी आठ अंश बाहेर होते, टेकडीच्या बाजूला.

मग त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, २,८०० कुठून आले ते तूच काढ. टेकडी १,७९०. त्यावर ठेवायचं अंतर ३०० मीटर, म्हणजे ९८४ फूट. बेरीज २,७७४. वरच्या शंभरावर नेलं की २,८००. बस, एवढंच. ज्या आकड्याकडे मी इतकी वर्षं नियम म्हणून बघत होते तो म्हणजे एक टेकडी आणि तिच्यावरची ९८४ फूट हवा. “आता तू २,१०० ला गेली असतीस तर?” २,१०० वजा १,७९०. ३१० फूट. “आणि घाईत क्यूएनएच लावायचा राहिला असता तर? पावसाळा आहे. क्यूएनएच १००३ आणि तुझ्या खिडकीत १०१३.” क्यूएनएच म्हणजे तिथला त्या वेळचा हवेचा दाब, तो अल्टिमीटरच्या खिडकीत लावला तरच उंची बरोबर दिसते. दहा हेक्टोपास्कल, एकाला सुमारे २८ फूट, म्हणजे अल्टिमीटर दाखवतो त्यापेक्षा विमान २८० फूट खाली. ३१० मधून २८० गेले.

तीस फूट. टेकडीवर झाडंही असतात.

मी काही वेळ गप्प बसले होते. सरांनी घाई केली नाही. चहा मागवला आणि खिडकीतून नैर्ऋत्येकडे हात दाखवून विचारलं, सिंहगड किती उंच? मला माहीत नव्हतं. सुमारे १,३१२ मीटर, म्हणजे ४,३०० फूट. त्यात ९८४ मिळवले की ५,३०० च्या घरात, आणि गडावर दूरदर्शनचा टॉवर आहे त्याची उंची आणखी वेगळी धरायची. लोहगावची धावपट्टी स्वतःच १,९४२ फुटांवर. हे त्यांनी वहीत नुसतं बेरजेसारखं मांडून दाखवलं. लहानपणापासून एसटीच्या खिडकीतून बघितलेला डोंगर पहिल्यांदा मला फुटांत दिसला. त्यानंतर मी कुठलीही प्लेट हातात घेतली की आधी आकडे नाही बघत, आधी डोंगर शोधते, मग त्याचा आकडा मार्गाच्या कुठल्या तुकड्यावर बसलाय ते बघते. या एका सवयीसाठी बारा तासांचे पैसे मी पुन्हा एकदा भरेन.

तिसऱ्या तासाला त्यांनी १ डिसेंबर १९७४ ची गोष्ट सांगितली. टीडब्ल्यूए या अमेरिकन कंपनीची फ्लाइट ५१४, बोइंग ७२७. वॉशिंग्टन नॅशनलला वाऱ्यामुळे उतरता आलं नाही म्हणून डलस विमानतळाकडे वळवलेली. विमानतळ अजून ४४ मैल दूर असताना कंट्रोलरने अप्रोचचा क्लिअरन्स, म्हणजे परवानगी, दिला. क्रूने धरलं की क्लिअरन्स मिळाला म्हणजे शेवटच्या तुकड्याच्या १,८०० फुटांवर उतरायची मोकळीक मिळाली. मार्गावरचा राउंड हिल हा टप्पा येईपर्यंत ३,४०० फूट हे प्लेटच्या वरच्या नकाशात होतं, खालच्या उभ्या चित्रात नव्हतं. कॅप्टनला ते दिसलंही होतं. कॉकपिटमध्ये त्यावर बोलणं झालं आणि तरीही ते खाली गेले. माउंट वेदरच्या कड्यावर साधारण १,६७० फुटांवर विमान आदळलं, ९२ जण गेले. हे प्रोसिजर टर्न नव्हतं, पण चूक तीच: आकडा बरोबर, तुकडा चुकीचा. त्यानंतर अमेरिकेत नियम आला की प्रसिद्ध केलेल्या तुकड्यावर येईपर्यंत कंट्रोलरने दिलेली शेवटची उंची सोडायची नाही, आणि मोठ्या प्रवासी विमानांत जमीन जवळ आल्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. १९९२ साली काठमांडूला पाकिस्तानच्या एअरबसचंही असंच झालं, पायऱ्यापायऱ्यांच्या अप्रोचमध्ये एक पायरी आधीच उतरत गेले, १६७ माणसं. फ्लोरिडात ५१४ बद्दल मी परीक्षेपुरतं वाचलं होतं. इथे सरांनी पॉज दाबून मला ३,४०० वर थांबवलं आणि विचारलं, आता तू काय करशील? पाठ केलेलं उत्तर अशा वेळी उपयोगाला येत नाही.

त्या दिवसापासून मी क्लिअरन्स मिळाला की मोठ्याने तीन गोष्टी बोलते: आत्ता कुठल्या तुकड्यावर आहे, त्याची सगळ्यात कमी उंची किती, पुढची उंची नेमकी कशाने उघडते. ‘बीकनने’, ‘नीडलने’, ‘डीएमईने’ (अंतर दाखवणाऱ्या यंत्राने). सर म्हणतात, मराठीत बोल. घाबरल्यावर माणूस घरच्या भाषेत विचार करतो, तेव्हा सरावही त्याच भाषेत असू दे. मला हे अगदी पटलं.

उतरण्याच्या वेगावरही त्यांनी चांगला वेळ दिला. बीकनवर ४,०००, वळणाआधी २,८००. दोन मिनिटांत १,२०० फूट, म्हणजे मिनिटाला ६००, आरामात. पण बाहेर जायला एकच मिनिट असतं तर? ए आणि बी साठी बाहेर जाताना मिनिटाला जास्तीत जास्त ८०४ फूट धरून आखणी करतात, परत येताना ६५५. म्हणून चांगल्या प्लेटवर आकडे जमलेले असतात आणि तुम्हाला नाक खाली दाबून पळायची वेळ येत नाही. ती वेळ आली तर समजायचं की आपण उशिरा निघालो किंवा वेग जास्त आहे. मी आधी वाटेल तसं उतरायचे आणि मग खाली जाऊन थांबायचे. आता भागाकार आधी करते.

तक्रारी दोन. एकदा माझी सकाळची वेळ दुसऱ्या कुणाला दिलेली होती आणि मला ते इथे पोचल्यावर कळलं. साताऱ्याहून पहाटेची एसटी धरून आले होते. माफी मागितली, पुढचा तास फुकट दिला, ते मान्य. पण आदल्या दिवशी एक फोन केला असता तर बरं झालं असतं. रिसेप्शनवर वही आणि मोबाइल दोन्हीकडे बुकिंग लिहितात, गोंधळ तिथेच होतो. हे मी त्यांना समोर सांगितलं आहे. दुसरं म्हणजे वीज. पाऊस लागला की वीज जाते, यूपीएस पाच-सात मिनिटं टिकतो आणि इनबाउंड वळणात पडदा काळा होतो. तो वेळ मोजत नाहीत, पण लय तुटते ती तुटतेच.

ब्रीफिंगचे पैसे घेत नाहीत. प्रत्येक तासाआधी अर्धा-पाऊण तास सर प्लेट समोर ठेवून बसतात आणि नंतर प्रिंटरवर तुमच्या उड्डाणाची उभी रेघ काढून देतात, खाली जमीन, वर तुमची उंची. माझ्या पहिल्या दिवसाच्या कागदावर २,८०० च्या खाली गेलेला तुकडा त्यांनी लाल पेनने गोल केला आहे. बाराव्या तासाच्या कागदावर लाल काही नाही. मात्र २,८०० च्या बरोबर वर एके ठिकाणी बारीक टिंब देऊन ‘२० फूट, वारा’ असं लिहिलंय.

हे तास कुणी घ्यावेत ते: ज्यांचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग परदेशात झालंय आणि इथे परत तपासणी द्यायची आहे, त्यांनी निदान सहा तास घ्यावेत. पहिले दोन पूर्ण व्हीओआर आणि एनडीबीवर. जीपीएस लावून द्या म्हणून हट्ट करू नका. जीपीएस तुम्हाला रेषा दाखवतो, उंचीचं दार तुम्हालाच बघायचंय. अगदी नवशिक्यांना इथली पद्धत जड जाईल. सर प्रश्न विचारतात आणि उत्तर येईपर्यंत थांबतात, कधी कधी बराच वेळ. मला ते आवडलं. माझ्याबरोबरच्या एका मुलाला तो ताण वाटला, तो दोन तासांनंतर आला नाही.

बुकिंग करताना सकाळची सातची वेळ मागा, तेव्हा खोली गार असते आणि वीजही सहसा टिकते. आदल्या रात्री स्वतःच फोन करून वेळ पक्की करा. लॅमिनेट केलेल्या प्लेटा घरी नेऊ देत नाहीत, फोटो काढू देतात. टेकडीचा ठिपका फोटोत नीट येईल असा काढा, माझ्या पहिल्या फोटोत तो अंगठ्याखाली गेला होता.